कूलंट बदलणे (मोटारगाडी)

इंजिनातले जुने कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) काढून, आतल्या वाटा पाण्याने धुऊन नवे कूलंट भरण्याचे काम. गॅरेजात याला ‘कूलंट फ्लश’ म्हणतात. इंजिन पूर्ण थंड असेल आणि सोसायटीचा वॉचमन हरकत घेणार नसेल, तर सुट्टीच्या सकाळी पार्किंगमध्येच ते उरकता येते.

कूलंटमध्ये मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंजरोधक रसायने असतात. ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे घेतले तर मिश्रण उणे 37 अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते. मुंबईत हा गुण फुकटच जातो. सांताक्रूझचे नीचांकी तापमान 7.4 अंश आहे, तेही 22 जानेवारी 1962 चे. इथे कामाला येतात ते दुसरे दोन गुण: उशिरा उकळणे आणि गंज रोखणे. पश्चिम द्रुतगती महामार्गावर गाडी रखडली की रेडिएटरला (कूलंट थंड करणारी पुढची जाळी) समोरून वारा मिळत नाही, त्यात एसीच्या कंडेन्सरची गरम हवा थेट त्याच्यावर येते. मग सगळी भिस्त पंख्यावर आणि कूलंटवर.

गंजरोधक रसायने वापरात झिजत जातात, म्हणून कूलंट बदलावे लागते. जुन्या पद्धतीचे सिलिकेटयुक्त कूलंट साधारण 2 वर्षे टिकते, सेंद्रिय आम्लांवर आधारलेले 5 वर्षांच्या आसपास. शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा. हिरवा, लाल, निळा या रंगांवर अजिबात जाऊ नये. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. डब्यावर आयएस 5759 (भारतीय) किंवा जेआयएस के 2234 (जपानी) यांसारखे मानक छापलेले आहे का आणि पुस्तिकेशी ते जुळते का, एवढे पाहावे.

धुण्यासाठी आणि मिसळण्यासाठी डिस्टिल्ड वॉटरच घ्यावे. पालिकेचे तलावाचे पाणी त्या मानाने मृदू असले, तरी टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार असतात. त्यातले क्लोराइड ॲल्युमिनियम खाते. बाटलीभर नळाचे पाणी ओतून पुढे निघायची सवय शहराला पद्मिनी टॅक्सीच्या काळापासून आहे. शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली. सवय अजून शिल्लक आहे.

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आत दाब असतो आणि उकळते कूलंट थेट तोंडावर उडते. इंजिन थंड असताना झाकण काढून, रेडिएटरच्या तळाची तोटी सैल करून द्रव पसरट टबात घ्यावा. तोटी प्लॅस्टिकची असते, जुनी झाली की चटकन मोडते. काही गाड्यांत ती नसतेच. तिथे खालच्या होजची (रबरी नळीची) क्लिप पकडीने सरकवून होज काढावा लागतो. टब पांढरा असलेला बरा, कारण निघालेला द्रव बरेच काही सांगतो. तांबूस गढूळपणा म्हणजे गंज. वर तेलाचा तवंग किंवा चहाच्या सायीसारखा थर दिसला तर हेड गॅस्केटवर (तेल आणि कूलंट वेगळे ठेवणारी इंजिनातली पट्टी) संशय घ्यावा आणि काम तिथेच थांबवून मेकॅनिक गाठावा.

मग डिस्टिल्ड वॉटर भरून इंजिन चालू करावे. थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे उघडणारी झडप) बहुधा 82 ते 88 अंशांच्या दरम्यान उघडू लागतो; तोवर पाणी रेडिएटरमध्ये फिरत नाही. हीटर पूर्ण गरमवर ठेवावा. मुंबईकर तो वर्षानुवर्षे लावत नाहीत, आणि हीटरच्या वाटेवर वाल्व असलेल्या गाड्यांत जुने कूलंट तिथेच दडून बसते. मे महिन्यात हे करणाऱ्याने दारे उघडी ठेवून बाहेर उभे राहावे. पंखा फिरून गेला की इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे, पाणी काढावे, आणि ते स्वच्छ येईपर्यंत हेच पुन्हा करावे.

खरी चूक होते ती यापुढे. तोटीतून सगळा द्रव निघत नाही, बराचसा ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य भागात, राहतो. समजा एकूण क्षमता 5 लिटर आहे आणि 3 लिटरच निघाले. आत 2 लिटर नुसते पाणी उरले. त्यावर बाजारातल्या तयार, निम्मे-निम्मे मिश्रणाचे 3 लिटर ओतले, तर ग्लायकॉल अवघा 30 टक्के होतो, म्हणजे गंजरोधकही त्याच प्रमाणात पातळ. त्याऐवजी अडीच लिटर शुद्ध कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेले कूलंट) आधी भरून वर अर्धा लिटर पाणी घातले की निम्मे-निम्मे जमते. म्हणून फ्लश केल्यावर कॉन्सन्ट्रेटच आणावे. तयार मिश्रण फक्त पातळी वाढवायला ठीक. मात्र नुसते कॉन्सन्ट्रेट चालवू नये, पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेत नाही.

भरताना अडकलेली हवा काढणेही तितकेच महत्त्वाचे. पुढची चाके किंचित उंचावर ठेवून, झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरावे. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत कूलंटच्या बाटलीतली पातळी मिन-मॅक्सच्या मध्ये आहे ना, हे पुन्हा तपासावे.

निघालेले कूलंट गटारात ओतू नये. पर्जन्यजलवाहिन्या शेवटी खाडीला आणि समुद्राला मिळतात. ग्लायकॉल चवीला गोडसर आणि विषारी असतो. पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी होतात. आवारातली मांजरे, कुत्री सांडलेले चाटतात, म्हणून सांडलेले लगेच पुसून धुवावे आणि वापरलेले कूलंट खूण केलेल्या घट्ट कॅनमध्ये भरून, ते स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांना हे घरगुती काम लागू नाही. बॅटरीच्या थंडाव्याचे कूलंट अनेकदा वेगळे, कमी विद्युतवाहक असते आणि शेजारीच उच्च दाबाच्या वीजतारा असतात.