नारळाचं दूध मुद्दाम फोडताना

कोकणात किंवा गोव्यात स्वयंपाक शिकणाऱ्याला एक गोष्ट सुरुवातीलाच बजावली जाते: नारळाचं घट्ट दूध शेवटी घालायचं, आच मंद ठेवायची, खळखळून उकळू द्यायचं नाही. नाहीतर दूध फुटतं. थायलंडमधल्या चियांग माईला पाककलेच्या वर्गात ग्रीन करी शिकायला उभे राहिलात, तर नेमकं उलटं करायला सांगतात. कढईत सगळ्यात आधी घट्ट दूधच ओतायचं आणि ते फुटून तेल दिसेपर्यंत आटवायचं. मसाल्याचं वाटण त्यानंतर.

नारळाचं दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे अतिसूक्ष्म थेंब. खोबऱ्यातली प्रथिनं आणि फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध रेणू प्रत्येक थेंबाभोवती पातळ आवरण धरतात, म्हणून थेंब एकमेकांना चिकटत नाहीत आणि दूध एकजीव दिसतं. उकळताना प्रथिनांची रचना उलगडते, आवरण कमकुवत होतं. त्यात पाण्याची वाफ होत राहते, थेंबांची दाटी वाढते आणि ते एकमेकांत मिसळून तेल सुटतं. आपल्याकडच्या कालवणात कोकम किंवा चिंच असते. आंबटामुळे प्रथिनं आणखी लवकर गोळा होतात, म्हणून आपली काळजीही योग्यच.

मग थाई स्वयंपाकी ते मुद्दाम का फोडतात? कढईत भरपूर पाणी आहे तोवर तापमान 100 अंश सेल्सियसच्या फारसं वर जात नाही. पाणी आटलं की तेल त्याहून बरंच जास्त तापू शकतं आणि त्यात वाटण खऱ्या अर्थाने परतलं जातं. कच्चा वास जातो, खमंगपणा येतो. शिवाय गवती चहातलं सिट्रल, मिरचीतलं कॅप्सायसिन हे रेणू पाण्यात जेमतेम विरघळतात, तेलात सहज. आपण फोडणीत जे साधतो तेच काम इथे नारळातूनच काढलेल्या तेलावर होतं. हा क्षण ओळखायचा कानाने. आधी रटरट ऐकू येते, पाणी आटत आलं की तिची चरचर होते. पाककृतीत ‘पाच मिनिटं उकळा’ एवढंच लिहिलेलं असतं. पण आच, कढईची रुंदी आणि दुधाचा दाटपणा बदलला की ती पाच मिनिटं कामाची राहत नाहीत. म्हणून हा पदार्थ शेजारी जाणता माणूस उभा असताना शिकावा, असं मला मनापासून वाटतं.

वर्गातला सगळ्यात मेहनतीचा भाग त्याआधीच झालेला असतो. ग्रॅनाइटचा जड खलबत्ता पुढ्यात येतो. चोनबुरी प्रांतातलं आंग सिला हे गाव अशा दगडी खलांसाठी प्रसिद्ध आहे. कुटण्याचा क्रम ठरलेला: धने, जिरे, पांढरी मिरी हे कोरडे जिन्नस आधी. मग हिरव्या मिरच्या आणि मीठ, कारण मिठाचे खडे सालं घासून फाडायला मदत करतात. मग गवती चहाचा बुंधा, आल्याच्या कुळातलं गलांगल, माक्रुत लिंबाची साल आणि कोथिंबिरीची मुळं. लसूण आणि छोटे कांदे त्यानंतर, कारण त्यांचं पाणी सुटलं की बत्ता घसरतो आणि चिवट धागे कुटले जात नाहीत. सगळ्यात शेवटी कपी, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जिवांना मीठ लावून आंबवलेला गोळा.

मिक्सरचं पातं पेशी कापतं, बत्ता त्या चिरडतो. कुटताना सुगंधी तेलाच्या पिशव्या फुटतात. लसणीत एरवी वेगवेगळे राहणारे ॲलीन हा रेणू आणि ॲलीनेज हे विकर (एन्झाइम) एकत्र येऊन ॲलिसिन तयार होतं. मिक्सर फिरण्यासाठी पाणी घालावं लागतं आणि ते पाणी पुढे कढईत पुन्हा आटवावं लागतं. हाताला रग लागते खरी, पण मसाला कोरडा राहतो.

तिखटाबद्दल थोडंसं. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाराबरोबर आशियात पोचली. त्याआधी या भागातलं तिखट प्रामुख्याने मिऱ्याचं होतं. कॅप्सायसिन मज्जातंतूंवरच्या ज्या टीआरपीव्ही1 नावाच्या, संवेदना टिपणाऱ्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवतं, तोच सुमारे 43 अंशांच्या वरच्या उष्णतेनेही चेततो, म्हणून तोंड ‘भाजतं’. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं.

पानं गॅस बंद करताना घालायची, कारण त्यांचा सुगंध उडून जाणारा असतो. ग्रीन करीत होरापा नावाची गोडसर वासाची तुळस पडते. मिरची-लसणीवर परतलेल्या कप्रावमध्ये जी पडते ती मात्र वनस्पतिशास्त्रानुसार आपल्या अंगणातलीच तुळस. देवापुढच्या पानाचा असा खमंग उपयोग पाहणं हा मराठी माणसासाठी वेगळाच अनुभव असतो.

वर्ग निवडताना एवढं विचारा: प्रत्येकाला स्वतंत्र शेगडी आणि खलबत्ता मिळतो का, आणि वाटण तयार डब्यातलं तर नाही ना? शाकाहारी असाल तर कपी आणि नाम प्ला हा माशांचा रस वगळायला आधीच सांगा.

घरी करताना ताजा नारळ घ्या. डब्यातल्या बऱ्याच दुधात तेल वेगळं होऊ नये म्हणून स्थिरीकरण करणारे पदार्थ घातलेले असतात, त्यामुळे ते कितीही आटवलं तरी नीट फुटत नाही. अशा वेळी चमचाभर खोबरेल आधी तापवून त्यात वाटण परतावं आणि दूध थोडं थोडं घालत जावं.