‘व्ह्यू’ नेमका कुठे आहे?

रेल्स आणि जँगो ही वेबसाइट उभारायची फ्रेमवर्क, म्हणजे तयार चौकटी. प्रोग्रामचे मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर असे तीन भाग करायची कल्पना दोन्हींच्या मुळाशी आहे. तरी रेल्सवर काम केलेला माणूस जँगो शिकायला बसला की ‘व्ह्यू’ या शब्दापाशी हमखास अडखळतो. रेल्समध्ये व्ह्यू म्हणजे पानाचा एचटीएमएल साचा. जँगोमध्ये मात्र व्ह्यू म्हणजे ब्राउझरकडून आलेली विनंती हातात घेऊन माहिती जमवणारं पायथनचं फंक्शन, आणि साच्याला तिथे टेम्प्लेट म्हणतात. मग कंट्रोलर? जँगोकारांचं उत्तर असं की, यूआरएल पाहून विनंती योग्य फंक्शनकडे धाडणारं फ्रेमवर्क हाच कंट्रोलर.

इथे कोणी चुकलंय असं मला वाटत नाही. गोंधळाचं मूळ जुनं आहे. 1979 मध्ये नॉर्वेचे ट्रुग्वे रीन्सकाउग यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात, स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेवर काम करताना मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर ही रचना मांडली. माहिती आणि तिचे नियम मॉडेलकडे, ती दाखवणं व्ह्यूकडे, माउस-कीबोर्डच्या हालचाली कंट्रोलरकडे. तिचं खरं सौंदर्य पुढे आहे: मॉडेल बदललं की ते फक्त ‘मी बदललो’ एवढंच जाहीर करतं. ऐकणारा तक्ता असो वा आलेख, तो स्वतःला ताजा करून घेतो. आपल्याला कोण दाखवतंय, हे मॉडेलला ठाऊक असण्याची गरजच नाही.

वेबवर नेमका हाच धागा तुटला. एचटीटीपी या वेबच्या संवाद-नियमांमध्ये ब्राउझरने विचारायचं, सर्व्हरने उत्तर द्यायचं, की संभाषण संपलं. तिकीट काढताना तुमच्या पडद्यावर गाडीत 12 रिकाम्या जागा दिसतात. तेवढ्यात त्या भरल्या, तरी पान 12च दाखवत राहतं. सर्व्हरवरच्या मॉडेलला ते पान गाठायची सोय नाही.

म्हणून स्ट्रट्स, रेल्स या फ्रेमवर्कनी मधली सगळी ने-आण कंट्रोलरवर सोपवली: विनंती घ्या, मॉडेलला विचारा, उत्तर साच्यात भरा. सगळं त्याच्याच हातून जातं, त्यामुळे नियमही तिथेच साचत जातात. हे मला फार खटकतं. तिकीट रद्द केल्यावर किती पैसे परत द्यायचे, हा नियम कंट्रोलरमध्ये लिहिला, तर मोबाइल ॲपसाठी तो दुसऱ्या कंट्रोलरमध्ये पुन्हा लिहावा लागतो. एक दिवस एकच बदलला जातो. त्या नियमाची जागा मॉडेलमध्येच.

तुटलेला धागा पुढे ब्राउझरमध्ये पुन्हा जुळला. व्ह्यू.जेएस (Vue.js; वरच्या ‘व्ह्यू’शी फक्त नावाचं साम्य) यासारख्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फ्रेमवर्कमध्ये माहिती बदलली की पडद्यावरचा तेवढाच भाग आपोआप बदलतो. जोडीला वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी राहणारी जोडणी असेल, तर सर्व्हरही न विचारता बातमी पाठवू शकतो, आणि त्या 12 जागा तुमच्या डोळ्यांदेखत 11 होतात.