ताबा आणि जागा: गार्डिओलाच्या बदलाची पार्श्वभूमी

21 सप्टेंबर 2025 रोजी लंडनमध्ये आर्सेनल आणि मँचेस्टर सिटी यांच्यात 1-1 बरोबरी झाली, पण चर्चा गोलांची झालीच नाही. सिटीकडे चेंडू जेमतेम 33 टक्के वेळ होता. बार्सिलोना, बायर्न आणि सिटी मिळून प्रशिक्षक पेप गार्डिओलाच्या सहाशेहून अधिक साखळी (लीग) सामन्यांत इतका कमी ताबा कधीच नव्हता. नवव्या मिनिटाचा सिटीच्या हालांडचा गोल प्रतिहल्ल्यातून आला, आणि शेवटी तर पाच जणांची बचावफळी गोलसमोर ठाण मांडून होती. पेपने आपलं तत्त्व सोडलं, असा निकाल लगेच लागला.

हा निकाल घाईचा आहे. त्याच्या मुळाशी 'पझेशन' आणि 'पोझिशन' या दोन शब्दांचा जुना घोळ आहे. बोलण्याच्या ओघात ते एकमेकांत मिसळतात आणि 'पोझिशनल खेळ' म्हणजे चेंडू आपल्याकडे ठेवण्याचा खेळ, असा समज होतो. साध्या मराठीत सांगायचं तर पहिला शब्द ताब्याचा आहे, दुसरा जागेचा. गार्डिओलाचा खेळ दुसऱ्या शब्दावर उभा आहे. मैदानाचे लांबीने पाच पट्टे कल्पायचे. एका उभ्या पट्ट्यात दोनपेक्षा जास्त आणि एका आडव्या रेषेत तीनपेक्षा जास्त खेळाडू नकोत. बगलेचा खेळाडू रेषेला चिकटून उभा राहतो, कारण त्याच्यामुळे समोरचा बचावपटू बाहेर ओढला जातो आणि आत फट पडते. ती फट पडेपर्यंत पास द्यायचे. ताबा हा या सगळ्याचा परिणाम आहे, हेतू नव्हे.

त्यात 'टिकी-टाका', म्हणजे छोट्या-छोट्या पासांचा खेळ, या शब्दाने भर घातली. 2006 च्या विश्वचषकात एका स्पॅनिश समालोचकाने तो लोकप्रिय केला आणि पुढे तो बार्सिलोनाला चिकटला. गार्डिओलाला तो कधीच आवडला नाही. पासासाठी पास देणं त्याला निरर्थक वाटतं. बार्सिलोनाचा प्रशिक्षक राहिलेल्या क्रायफच्या तालमीत घडलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही नको.

मग 2025 च्या जानेवारीत तो स्वतःच म्हणाला की आजचं फुटबॉल पोझिशनल राहिलेलं नाही. बोर्नमथ, न्यूकॅसल, ब्रायटन, लिव्हरपूल खेळतात ते आजचं फुटबॉल. टीकाकारांनी या विधानाचा कबुलीजबाब केला. पण त्याच विधानात पुढे तो वेगाबद्दल, लयीबद्दल बोलला होता, तो भाग फारसा कुणी उद्धृत करत नाही. बहुतेक संघ आता अख्ख्या मैदानभर माणसाला माणूस लावून दबाव आणतात. समोरचा प्रत्येक जण आपल्या माणसामागे धावत असेल तर पास देऊन त्याला हलवण्याची गरज कमी उरते. मोकळी जागा त्याच्या पाठीमागे आधीच पडलेली असते आणि ती काही क्षणच टिकते. तिथे वेगाने पोचावं लागतं. माझ्या मते जागेचा शोध तोच आहे, तिथे पोचायला मिळणारा वेळ मात्र कमी झाला.

हे बोलायची वेळ त्याच्यावर आली ती 2024-25 च्या हंगामाने. त्याआधी सिटीने सलग चार साखळी विजेतेपदं मिळवली होती, जी इंग्लंडमध्ये कुणालाच जमली नव्हती. 2024 च्या उन्हाळ्यात आक्रमक अल्वारेझ स्पेनच्या अॅटलेटिको माद्रिदला गेला, त्याच्या जागी तसा कुणी आला नाही. क्लबला खरेदी करायची होती, नको म्हणणारा मीच, हे गार्डिओलाने नंतर मान्य केलं. 22 सप्टेंबरला मधल्या फळीतल्या रॉड्रीच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याला जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ऑर मिळाला आणि त्याच आठवड्यात सिटीची पडझड सुरू झाली. सलग पाच पराभव, गार्डिओलाच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच. त्यातला पाचवा घरच्या मैदानावर टॉटनहॅमकडून 0-4 असा, आणि तिथे 52 सामने अपराजित राहण्याची मालिका तुटली. नेदरलँड्सच्या फेयेनूर्डविरुद्ध तीन गोलांची आघाडी सव्वा तास झाल्यावरही टिकवता आली नाही. बारा सामन्यांत नऊ पराभव. याच काळात त्याने करार 2027 पर्यंत वाढवला, ही गोष्ट मला त्या हंगामातली सर्वांत मोठी वाटते.

हिवाळी खरेदीत खुसानोव्ह, रैस, मार्मूश, निको गोन्झालेझ हे नवे खेळाडू आले. संघ 71 गुणांसह तिसरा आला, एफए चषकाचा अंतिम सामना क्रिस्टल पॅलेसकडून हरला.

घसरण त्याला नवी नव्हती. 2016-17 मध्ये सिटीत एकही करंडक मिळाला नाही. त्याने बाजूचे बचावपटू बदलले आणि पुढच्या हंगामात 100 गुण केले. 2020 मध्ये लेस्टरने घरात पाच गोल मारले. काही महिन्यांत सिटीने सलग 21 सामने जिंकले, तेही बऱ्याचदा रूढ सेंटर फॉरवर्डशिवाय, म्हणजे सर्वांत पुढच्या गोल करणाऱ्या खेळाडूशिवाय.

2025 चा बदल मात्र थेट मुळाला हात घालणारा होता. क्लॉपसोबत लिव्हरपूलमध्ये राहिलेला सहाय्यक आणला. मधल्या फळीत चेंडू घेऊन धावणारा राइंडर्स आणला. तरी ऑगस्टमध्ये टॉटनहॅम आणि ब्रायटनकडून हार पत्करावी लागली. मग गोलरक्षक बदलला. 2016 मध्ये सिटीत येताच त्याने इंग्लंडच्या पहिल्या पसंतीच्या गोलरक्षकाला बाहेर बसवलं होतं, कारण पायाने पास देणारा हवा होता. आता पॅरिसच्या संघाने नेमक्या त्याच उणिवेमुळे बाजूला सारलेला डोन्नारुम्मा त्याने घेतला. 14 सप्टेंबरला पहिल्याच सामन्यात, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध, डोन्नारुम्माने ब्रायन म्ब्यूमोची व्हॉली (हवेतच मारलेला फटका) झेप घेऊन अडवली. सिटीने तो सामना 3-0 जिंकला. आर्सेनलची लढत त्यानंतर सातच दिवसांनी होती.