ब्लूटूथ ओळखले न जाणे आणि ब्लूटूथचा ड्रायव्हर नसणे: दोन निराळे बिघाड

विंडोजच्या संगणकावरून ब्लूटूथ नाहीसे झाले की पुण्यात हिंजवडीतल्या कार्यालयापासून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेपर्यंत सगळीकडे पहिले निदान एकच ऐकू येते: ‘ड्रायव्हर उडाला असेल.’ (ड्रायव्हर म्हणजे एखादे उपकरण विंडोजला चालवता यावे म्हणून लागणारा प्रोग्राम.) निदानामागोमाग उपचारही ठरलेले असतात. कुठून तरी एक ड्रायव्हर उतरवायचा, तो बसला नाही तर दुसरा, आणि तोही बसला नाही तर ‘फॉरमॅट मारू’. या साऱ्या खटाटोपात डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली उपकरणांची यादी, उघडून दोन मिनिटे नीट वाचण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. तिथे ज्या दोन अगदी वेगळ्या अवस्था स्पष्ट लिहिलेल्या असतात, त्यांतल्या एकीवर ड्रायव्हर हाच उपाय असतो आणि दुसरीवर कोणताही ड्रायव्हर चालत नाही.

आधी एक किरकोळ गोष्ट बाजूला काढतो. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथचे बटण दिसत असेल, माउस चालत असेल आणि फक्त नवा हेडफोन यादीत येत नसेल, तर यांतला कोणताच बिघाड नाही. हेडफोन पेअरिंग मोडमध्ये नसतो किंवा जवळच्या फोनला आधीच जोडलेला असतो. विंडोज ११ मध्ये ब्लूटूथ डिव्हाइसेस डिस्कव्हरी ही निवड ‘डीफॉल्ट’वरून ‘ॲडव्हान्स्ड’वर नेली की काही अनोळखी प्रकारची उपकरणेही यादीत दिसू लागतात. याहून अधिक त्यात काही नाही.

खरा घोळ पुढे आहे. संगणकातला ब्लूटूथ रेडिओच (लहरी पाठवणारा आणि घेणारा भाग) काम करत नसेल, तर सेटिंग्जमधले बटण गायब होते आणि ट्रबलशूटर या संगणकात ब्लूटूथच नाही असे सांगतो. ड्रायव्हर नसला तरी हेच दिसते आणि उपकरण ओळखले गेले नाही तरी हेच दिसते. सेटिंग्जच्या पडद्यावरून या दोहोंत फरक करता येत नाही, आणि बहुतेक लोक नेमके त्याच पडद्यावरून निदान करतात.

ओळख कशी होते हे समजले की फरक आपोआप उलगडतो. लॅपटॉपमधला ब्लूटूथ रेडिओ बहुधा आतल्या आत यूएसबीवर जोडलेला असतो. संगणक सुरू होताना विंडोज त्याला त्याची माहिती विचारते, आणि रेडिओ उत्तरादाखल निर्मात्याचा क्रमांक आणि उत्पादनाचा क्रमांक देतो. या क्रमांकांपासून हार्डवेअर आयडी तयार होतो. त्यानंतरच विंडोज आपल्या संग्रहात त्या आयडीशी जुळणारा ड्रायव्हर शोधते. म्हणजे ड्रायव्हरचा प्रश्न दुसऱ्या पायरीवर येतो. पहिल्या पायरीवर रेडिओने उत्तरच दिले नसेल, तर दुसरी पायरी गाठलीच जात नाही.

ड्रायव्हर खरोखर नसतो तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अदर डिव्हाइसेस’ या भागात पिवळ्या त्रिकोणाची नोंद असते आणि तिच्या प्रॉपर्टीजमध्ये कोड २८ (ड्रायव्हर बसवलेला नाही) लिहिलेला असतो. तिथल्या डिटेल्समध्ये जाऊन हार्डवेअर आयडी पाहावा. व्हीआयडी, म्हणजे निर्मात्याचा क्रमांक, ८०८७ असेल तर रेडिओ इंटेलचा आहे आणि ०बीडीए असेल तर रिअलटेकचा. असा नीट क्रमांक दिसणे ही चांगली बातमी आहे, कारण रेडिओ जिवंत आहे, त्याने आपली ओळख दिली आहे आणि उणीव फक्त ड्रायव्हरची आहे. मात्र ही अवस्था लोकांना वाटते त्यापेक्षा विरळा आहे. यूएसबीवरच्या बहुतेक ब्लूटूथ रेडिओंना विंडोजचा स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर लागू पडतो. अनेक नव्या रेडिओंना सुरू होताना फर्मवेअर (रेडिओच्या आत चालणारा प्रोग्राम) मात्र निर्मात्याच्या ड्रायव्हरकडूनच मिळावे लागते, आणि ते न मिळाल्यास कोड १० (उपकरण सुरू होऊ शकत नाही) दिसू शकतो किंवा रेडिओ अर्धवट चालतो.

दुसऱ्या अवस्थेची चिन्हे निराळी आहेत, आणि ती बहुधा ब्लूटूथच्या भागात नसतातच. ‘युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स’ या भागात खाली ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ अशी नोंद सापडते. तिच्या नावापुढे डिव्हाइस डिस्क्रिप्टर (उपकरणाची ओळख सांगणारी माहिती) मागितला पण मिळाला नाही असे लिहिलेले असते, कोड ४३ असतो आणि हार्डवेअर आयडीत व्हीआयडीच्या जागी चार शून्ये असतात. ही शून्ये कोणत्याही निर्मात्याचा क्रमांक नाहीत. उत्तर न मिळाल्यामुळे विंडोजने स्वतःच ती तिथे घातलेली असतात. म्हणून त्या आयडीवरून इंटरनेटवर ड्रायव्हर शोधणे निव्वळ व्यर्थ आहे, तरीही लोक तासन्‌तास तेच करतात.

कधी ही नोंददेखील नसते. अशा वेळी व्ह्यू मेनूमधून लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडावा. ब्लूटूथच्या भागात रेडिओचे नाव फिकट रंगात दिसले आणि प्रॉपर्टीजमध्ये कोड ४५ असला, तर अर्थ असा की रेडिओ पूर्वी ओळखला गेला होता आणि आत्ता जोडलेला नाही. ही नोंद मी सर्वांत मोलाची मानतो, कारण ‘ड्रायव्हर उडाला’ या निदानाच्या नेमके उलटे ती सांगते: ड्रायव्हर जागेवर आहे आणि उपकरण जागेवर नाही. अशा संगणकावर फॉरमॅट मारला तर उपकरण परत येत नाहीच, वर पूर्वी बसवलेला निर्मात्याचा ड्रायव्हरही जातो, आणि एका बिघाडाचे दोन होतात.

इथे हमखास येणारा युक्तिवाद असा की ‘वाय-फाय चालते आहे, म्हणजे कार्ड ठणठणीत आहे, म्हणजे ड्रायव्हरच गेला.’ वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच एम.२ कार्डावर असतात हे खरे, परंतु इंटेलच्या एएक्स२०० किंवा एएक्स२१० सारख्या कार्डांत वाय-फाय पीसीआय एक्सप्रेसवरून बोलते आणि ब्लूटूथ यूएसबीवरून. कार्ड एक असले तरी वाटा दोन आहेत, आणि विंडोजच्या लेखी ती दोन स्वतंत्र उपकरणे आहेत. त्यामुळे वाय-फाय उत्तम चालत असताना ब्लूटूथ पूर्ण नाहीसे होणे अगदी शक्य आहे. डेस्कटॉपमध्ये तर हे डोळ्यांनी पाहता येते. पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेत बसणाऱ्या वाय-फाय कार्डासोबत एक छोटी केबल येते, जी मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी हेडरला जोडायची असते. ती खोक्यातच राहिली तर वाय-फाय मिळते, ब्लूटूथ मिळत नाही आणि दोष ड्रायव्हरवर येतो.

मग ओळख हरवलेल्या रेडिओवर उपाय काय? अनेकदा रेडिओचे स्वतःचे फर्मवेअर अडकलेले असते आणि त्याची वीज पूर्ण तुटल्याशिवाय ते सुटत नाही. रीस्टार्ट केल्याने वीज तुटत नाही. साध्या शट डाउनने तर विंडोजही पूर्ण बंद होत नाही, कारण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप सुरू असल्यास तिचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो. म्हणून शिफ्ट दाबून धरून शट डाउन करावे, चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर तीही काढावी आणि पॉवरचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून ठेवावे. बॅटरी आत बंद असेल, तर त्या मॉडेलसाठी निर्मात्याने दिलेली रीसेटची पद्धत वापरावी. हिंजवडीतल्या कंपन्यांतून निघून जुन्या बाजारात आलेल्या लॅपटॉपवर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) ब्लूटूथ बंद करून ठेवलेले नाही ना, हेही पाहून घ्यावे. एवढे करूनही कोड ४३ हटत नसेल, तर कार्ड खाचेतून काढून पुन्हा बसवणे किंवा बदलणे उरते.

कोड २८ वर मात्र ड्रायव्हर हाच उपाय आहे आणि तो कुठून घ्यावा याबद्दल माझे मत ठाम आहे. पहिले स्थान लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळाचे, आणि तेही नेमक्या मॉडेल क्रमांकावरून. दुसरे विंडोज अपडेटमधल्या ऑप्शनल अपडेट्सचे, आणि तिसरे रेडिओच्या निर्मात्याचे. एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर अद्ययावत करून देतो म्हणणाऱ्या प्रोग्रामांना संगणकात थारा देऊ नये. ते चालू असलेले ड्रायव्हरही बदलतात, अनेकदा मूळ कामासाठी पैसे मागतात, आणि ओळखच न मिळालेल्या उपकरणापुढे त्यांचाही इलाज चालत नाही.

एका फसव्या नोंदीबद्दल सांगायलाच हवे. फोन संगणकाशी पेअर केल्यावर ‘अदर डिव्हाइसेस’मध्ये कधी कधी ‘ब्लूटूथ पेरिफेरल डिव्हाइस’ या नावाच्या नोंदी पिवळ्या त्रिकोणासह उगवतात. त्यांचा हार्डवेअर आयडी यूएसबीने नव्हे, तर बीटीएच-ईन्यूमने सुरू होतो. फोन देऊ करत असलेल्या एखाद्या सेवेसाठी विंडोजकडे ड्रायव्हर नाही, एवढाच त्यांचा अर्थ असतो. मुळात या नोंदी दिसण्यासाठी संगणकाचा रेडिओ चालू असावा लागतो, म्हणून त्यांना रेडिओच्या बिघाडाचा पुरावा मानणे चूक आहे. हवी ती कामे होत असतील तर त्या तशाच राहू द्याव्यात.

कार्ड गेलेच असेल तर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, यूएसबी डोंगल (बाहेरून लावायचा छोटा रेडिओ) आणणे हा सरळ मार्ग आहे. दुकानातच लॅपटॉपला लावून डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो नीट नावाने, कोड १० किंवा ४३ न देता येतो आहे हे पाहूनच पैसे द्यावेत. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ वापरते, त्यामुळे आतला रेडिओ अधूनमधून जागा होत असेल तर तो डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करून ठेवावा, एरवी दोघांत गोंधळ होतो. पेअरिंगच्या किल्ल्या त्या-त्या रेडिओच्या पत्त्याशी बांधलेल्या असतात, म्हणून डोंगल लावल्यावर माउस, कीबोर्ड आणि हेडफोन जुन्या यादीतून काढून नव्याने पेअर करावे लागतात.