ट्रॉमा, झाडं आणि आजीचा बाक: हे सगळं एकत्र आलं कुठून

हल्ली ट्रॉमाचा, म्हणजे मनावर झालेल्या खोल आघाताचा, विषय निघाला की थेरपी, निसर्गात जाणं आणि पूर्वजांचं शहाणपण ही तीन नावं एका दमात घेतली जातात. कुणाला ते नवीन फॅड वाटतं, कुणाला वाटतं हजारो वर्षं हे असंच चालत आलंय. मला दोन्ही अर्धवट वाटतं. या तिघांची मधे चांगलीच ताटातूट झाली होती आणि ती काही आपोआप झाली नव्हती, काही ठिकाणी तर चक्क कायदा करून केली गेली.

सुरुवात मी १८९८ पासून करेन. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या मधे टोरेस सामुद्रधुनी आहे, तिथल्या बेटांवर केंब्रिजहून संशोधकांची एक टीम गेली, त्यात चार्ल्स मायर्स आणि डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टरही होते. बेटावरच्या लोकांना कसं दिसतं, कसं ऐकू येतं हे तपासायला गेले होते. रिव्हर्स पुढे मेलानेशियातही फिरले, आणि १९१५-१६ च्या आपल्या व्याख्यानांत त्यांनी सांगितलं की या लोकांची उपचारपद्धती म्हणजे वेडगळ समजुतींचं गाठोडं नाही, आजार कशामुळे होतो याबद्दल त्यांचा एक पक्का विचार आहे आणि उपचार त्या विचारातूनच येतात. त्या काळात एका युरोपियन डॉक्टरने हे बोलणं ही मोठीच गोष्ट होती.

आणि पहिल्या महायुद्धात हेच दोघं आपल्याला पुन्हा भेटतात! फेब्रुवारी १९१५ मधे मायर्स यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांच्या केस छापल्या आणि ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकात आणला. आधी वाटलं तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते, पण स्फोटाच्या जवळपासही नसलेले सैनिक थरथरत होते, मुके होत होते, झोपेत किंचाळत होते. लष्कराच्या लेखी त्यातले बरेचसे भित्रे. ब्रिटिश सैन्याने पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना माफी मिळाली ती थेट २००६ मधे. यातले किती जण खरं तर आजारी होते हे आता कोण सांगणार, पण हा आकडा वाचला की मला गलबलून येतं.

रिव्हर्स स्कॉटलंडमधल्या क्रेगलॉकहार्ट हॉस्पिटलमधे होते. बाकी ठिकाणी सैनिकांना ‘विसरून जा, विषय काढू नका’ असं सांगायचे, काहींना तर विजेचे झटके द्यायचे, इथे रिव्हर्स मात्र समोर बसून ऐकायचे आणि जे आठवतंय त्याच्याकडे बघायला मदत करायचे. त्याच हॉस्पिटलमधे आर्थर ब्रॉक नावाचे डॉक्टर होते, त्यांचं म्हणणं की युद्धाने माणूस त्याच्या मातीपासून आणि माणसांपासून तुटलाय, तेव्हा त्याला परत जोडायचं. मग पेशंटना बागकाम, लांबलांब चालणं, आसपासच्या परिसराचा अभ्यास, असं काही ना काही करायला लावायचे. ग्रीक कथेतला अँटिअस राक्षस, ज्याचे पाय जमिनीला टेकले की ताकद परत येते, तो त्यांचा आवडता दाखला. कवी विल्फ्रेड ओवेन त्यांचाच पेशंट. म्हणजे बघा, १९१७ मधे एकाच इमारतीत बोलणं, माती आणि दूरच्या बेटांवरून आलेली समज असं तिन्ही होतं.

पण युद्ध संपलं आणि त्यातलं बरंचसं बाजूला पडलं. दुसऱ्या महायुद्धात ‘बॅटल फटीग’ म्हणजे लढाईचा थकवा असं नवं नाव आलं, एवढंच. खरी हालचाल झाली १९७० च्या सुमाराला, व्हिएतनामहून परतलेले अमेरिकन सैनिक न्यूयॉर्कमधे आपापले ग्रुप करून बोलायला बसले तेव्हा, आणि त्यांनीच रॉबर्ट लिफ्टन, चेम शॅटन अशा मनोविकारतज्ज्ञांना आपल्यात बोलावलं. त्याच काळात स्त्रिया बलात्कार आणि घरातली मारहाण यांबद्दल उघड बोलायला लागल्या होत्या. या रेट्यामुळे १९८० मधे पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे निदान अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या अधिकृत मॅन्युअलमधे आलं. हे निदान नुसतं डॉक्टरांनी शोधलं असं नाही, सोसलेल्या माणसांनी ते भांडून मिळवलं.

निसर्गाबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण तिथे दावे फार होतात. १९८२ मधे जपानच्या वनविभागाने ‘शिनरिन-योकू’ म्हणजे जंगलस्नान हा शब्द आणला, आणि १९८४ मधे रॉजर उलरिच या संशोधकांनी दाखवलं की पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर खिडकीतून झाडं दिसणारे पेशंट विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र पेनकिलरही कमी लागले. छान अभ्यास आहे, पण तो ऑपरेशननंतरचा आहे, त्यावरून जंगलात गेलं की ट्रॉमा बरा होतो असं म्हणता येत नाही. झाडांमुळे शरीर जरा सैल होतं, आणि सैल झालेल्या शरीराला बोलणं सोपं जातं, मी तरी एवढंच म्हणेन.

पूर्वजांच्या शहाणपणाचा भाग मात्र घाईने सांगण्यासारखा नाही. अमेरिकेत १८८३ च्या नियमांनी मूळ रहिवाशांचे विधी आणि त्यांच्या वैद्यांचं काम गुन्हा ठरवलं, कॅनडात त्यांच्या पॉटलॅच या भेटवस्तू वाटायच्या समारंभावर १८८५ पासून १९५१ पर्यंत बंदी होती, वर मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत टाकलं, कॅनडात अशी सुमारे दीड लाख मुलं. म्हणजे जखमही दिली आणि औषधही हिसकावून घेतलं. तरी सगळं पुसलं गेलं नाही, अमेरिकेतल्या नव्हाहो या मूळ रहिवासी लोकांत युद्धावरून आलेल्यासाठी ‘एनिमी वे’ हा अनेक दिवसांचा विधी आहे, दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्यांसाठीही तो झाला, आणि त्यात नातेवाईक, शेजारी सगळे लागतात, एकट्याने होतच नाही. पुढे मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट या लाकोटा (अमेरिकेतलीच आणखी एक मूळ रहिवासी जमात) अभ्यासक बाईंनी पिढ्यानपिढ्या साचलेल्या या दुःखाला ‘ऐतिहासिक ट्रॉमा’ असं नाव दिलं, आणि १९९२ मधे ब्लॅक हिल्स या डोंगराळ भागात ४५ लाकोटा लोकांना एकत्र घेऊन इतिहास समजून घेणं, शोक करणं आणि आपले जुने विधी असं सगळं जोडून काम केलं. म्हणूनच हेच विधी कुठेतरी वीकेंड वर्कशॉप म्हणून विकले जाताना दिसले की मला त्रास होतो, ज्यांनी ते बंदीतही जपले त्यांचं नावसुद्धा तिथे नसतं.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते झिम्बाब्वेचं काम. २००६ मधे हरारेतले मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी वस्तीतल्या आज्यांना प्रॉब्लेम सोडवायची साधी थेरपी शिकवली, दवाखान्याबाहेर मोकळ्यावर एक लाकडी बाक टाकायचा, आजी एका बाजूला, समोरचा माणूस दुसऱ्या बाजूला. शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे अतिविचार करणं, आज्या त्याच शब्दापासून सुरुवात करतात, मग मन उघडायचं, उभारी द्यायची, बळ द्यायचं. २०१६ मधे ५७३ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली आणि सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांचा त्रास नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी दिसला. चिबांडांनी आधी त्याला ‘मेंटल हेल्थ बेंच’ म्हटलं होतं, आज्यांनी सांगितलं की त्यावर कुणी येऊन बसणार नाही, आणि नाव बदलून ‘फ्रेंडशिप बेंच’ केलं.