उपाशीपोटी बोट लागत नाही?

ठाणे-नवी मुंबईतून ‘मन शांत करायला’ अंटार्क्टिकाच्या बोटीवर निघणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला: पोट रिकामं ठेवा, बोट लागणार नाही. खरं तर उलटं आहे. आतला कान आणि डोळे मेंदूला वेगवेगळी हालचाल कळवतात, म्हणून बोट लागते. रिकाम्या पोटी मळमळ वाढू शकते. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआइया बंदराहून अंटार्क्टिकाच्या वाटेवरची ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला साधारण २ दिवस लागतात. (तेवढा उपास कोण करणार?) थोडा भात, खाकरा, आलेपाक चालतो, तेलकट नको. मेक्लिझिनसारखी, बोट लागू नये म्हणून असलेली गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी तासभर घ्यावी. काचबिंदू असल्यास आधीच सांगावं. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. मोबाइल वाचणं टाळा. केबिन खालच्या डेकवर, मधोमध मागा; वरची बाल्कनीवाली महागडी खोलीच जास्त हेलकावते.