मिश्र रॅम

घरगुती संगणकाची मेमरी वाढवताना आधीच्या रॅमच्या पट्टीसोबत वेगळ्या कंपनीची, वेगळ्या क्षमतेची किंवा वेगळ्या वेगाची पट्टी बसवली, तर त्या जोडणीला मिश्र रॅम म्हणता येईल. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, सुटे भाग आणून असेंबल केलेल्या पीसींमध्ये ती सर्रास आढळते, कारण काही वर्षांनी दुसरी पट्टी घ्यायला जावे तेव्हा पहिलीचे मॉडेल बाजारातून गेलेले असते. पुष्कळदा मॉडेल क्रमांक तोच मिळाला तरी उत्पादकाने मधल्या काळात आतल्या चिपा बदललेल्या असतात. म्हणून मिश्रणाला निष्काळजीपणा समजणे योग्य नाही. त्याच्या मर्यादा मात्र नीट माहीत हव्यात.

पहिली मर्यादा पिढीची आहे. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते आणि त्यांचे प्रमाणित व्होल्टेज अनुक्रमे १.५, १.२ व १.१ असते, त्यामुळे एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८ पिना असल्या तरी हाच नियम लागू होतो, आणि पट्टी बसत नसेल तर जोर लावणे म्हणजे स्लॉट मोडणे. सर्व्हरमधून काढलेल्या रजिस्टर्ड पट्ट्या (संकेत सांभाळणारी जादा चिप असलेल्या) जुन्या मालात स्वस्त मिळतात. डीडीआर४पर्यंतच्या अशा पट्ट्या घरगुती मदरबोर्डमध्ये बसतात, पण चालत नाहीत.

एकाच पिढीच्या पट्ट्या एकत्र चालू शकतात, याचे कारण प्रत्येक पट्टीवरची एसपीडी नावाची छोटी चिप. तिच्यात त्या पट्टीची क्षमता, वेग आणि टायमिंग (प्रतिसादाला लागणारा वेळ) नोंदवलेले असते. संगणक सुरू होताना बायोस, म्हणजे मदरबोर्डवरची सुरुवातीची प्रणाली, सर्व पट्ट्यांच्या नोंदी वाचते आणि सगळ्यांना झेपेल असा वेग निवडते, म्हणजे व्यवहारात सर्वांत मंद पट्टी सर्वांचा वेग ठरवते. २४०० च्या (म्हणजे सेकंदाला २४०० दशलक्ष वेळा माहिती देणाऱ्या) पट्टीशेजारी ३२०० ची डीडीआर४ पट्टी लावली, तर दोन्ही २४०० वर चालतात. हे ऐकून अनेक जण नवी पट्टी वाया गेली असे मानतात, पण हिशेब वेगळा आहे. ३२०० वेगाची एकटी पट्टी एका चॅनलवरून (मेमरी आणि प्रोसेसर यांच्यातल्या एका मार्गावरून) सेकंदाला कमाल २५.६ जीबी माहिती देऊ शकते. २४०० वर चालणाऱ्या दोन पट्ट्या दोन वेगळ्या चॅनलवर असतील, तर प्रत्येकी १९.२ मिळून ३८.४ जीबी. शिवाय ८ जीबीची मेमरी भरून संगणक हार्ड डिस्कवर माहिती ठेवू-काढू लागतो तेव्हा होणारा खोळंबा वेगातल्या या फरकाच्या कितीतरी पट मोठा असतो. घरच्या वापरात आधी क्षमता पाहावी आणि मग वेग, असे म्हणायला यामुळेच ठाम आधार आहे.

क्षमता असमान असली तरी दुहेरी चॅनलचा लाभ पूर्ण जात नाही. इंटेलच्या फ्लेक्स पद्धतीत ४ आणि ८ जीबीच्या पट्ट्या असतील, तर दोन्हीकडचे ४-४ जीबी दुहेरी चॅनलवर चालतात आणि उरलेले ४ एकेरीवर. चार स्लॉटच्या बोर्डवर दोनच पट्ट्या असतील तर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. तरी बोर्डची पुस्तिका पाहावीच.

खरी अडचण एक्सएमपीसारख्या जादा वेगाच्या प्रोफाइलने, म्हणजे पट्टीत साठवलेल्या तयार सेटिंगने येते. उत्पादकाने एकत्र तपासून एका पाकिटात विकलेल्या जोडीबद्दलच त्या वेगाची खात्री असते, आणि परकी पट्टी आली की ती खात्री संपते. अशा वेळी प्रोफाइल बंद करून प्रमाणित वेगावर चालवणे शहाणपणाचे. डीडीआर५ मध्ये तर चार पट्ट्या लावल्या की एकसारख्या असूनही वेग उतरतो: एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांना ५२००, तर चारांना ३६०० एवढाच अधिकृत वेग दिला आहे. जुन्या संगणकांची अडचण चिपांच्या घनतेची, म्हणजे एका चिपेत किती मेमरी मावते याची असते. इंटेलच्या जी४१ चिपसेटच्या बोर्डवर १६ चिपांची ४ जीबी डीडीआर३ पट्टी चालते, पण तेवढ्याच क्षमतेची ८ चिपांची पट्टी सहसा चालत नाही.

संगणक सुरू झाला म्हणजे मिश्रण जमले, असे धरून चालणे धोक्याचे आहे. मेमरीतली एखाद्या बिटाची चूक पडद्यावर दिसतेच असे नाही. ती कॉपी होणाऱ्या फोटोत किंवा हिशेबाच्या फाइलमध्ये मुकाट्याने शिरते, आणि ईसीसी (चुका ओळखून सुधारणारी सोय) नसलेल्या घरगुती रॅममध्ये तिला पकडणारे काही नसते. म्हणून नवी पट्टी बसवल्यावर मेमटेस्ट८६ सारखी चाचणी रात्रभर चालवावी आणि एकही चूक आली तर जोडणी नाकारावी. त्याआधी प्रत्येक पट्टी एकेकटी तपासली, तर दोष पट्टीचा की जोडीचा हे कळते. मुंबईच्या दमट हवेत जुन्या पट्टीच्या संपर्कपट्ट्यांवर आणि स्लॉटमध्ये मळ साचतो, त्यामुळे चुका आल्यास जोडणी नाकारण्याआधी पट्टी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा बसवून पाहावी. खोडरबराने घासण्याची पद्धत दुकानांतही दिसते, पण त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. खरेदी करताना जुनी पट्टी किंवा तिच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा, आणि न चालल्यास बदलून मिळेल असे बिलावर लिहून घ्यावे.